तुझं झाड कुठंय

अवालीच्या त्या छोट्या थिएटरबाहेर
ऑक्टोबरच्या शेवटच्या गुरुवारी
संध्याकाळी साडेपाचलाही चष्म्यावर वाफ धरत होती.
रांगेत चार चेटकिणी, एक भोपळा,
एक ममी, जिचा टॉयलेट पेपर घामाने सुटत चाललेला,
आणि आमचा ओजस. मुंजा.

मुंजा त्यानेच निवडला.
कॉजवेवर कस्टमच्या रांगेत दीड तास अडकलो होतो
तेव्हा त्याच्या बाबाने सांगितलेला:
मुंज झालेला, सोडमुंज व्हायच्या आधीच गेलेला मुलगा,
पिंपळावर बसतो, येणाऱ्याजाणाऱ्याला खडे मारतो,
फार वाईट नसतो.
म्हणून पोहायच्या टोपीवर काळ्या लोकरीची शेंडी,
पडद्याच्या दोरीचं जानवं,
तोंडाला तांदळाचं पीठ,
जे हनुवटीपाशी आत्ताच ओघळलेलं.

टेबलावर मॉरीनबाई. यादीत लिहायचं होतं,
कोण झालायस तू?
मी इंग्रजीत मुंजा सांगायला घेतला
आणि पहिल्याच वाक्यात अडखळले.
जानवं सांगू, तर मुंज सांगावी लागणार,
मुंज सांगू, तर भिक्षावळ,
मागे रांग खोळंबलेली.
शेवटी त्यांनीच लिहिलं: ट्री घोस्ट, एक.
दीड दिनार.

"पण इथे पिंपळच नाहीये," ओजस म्हणाला.
खरंच नाही.
कंपनीने लावलेले कडुनिंब आहेत, ओळीत,
प्रत्येकाच्या बुंध्याशी काळी नळी,
ठरल्या वेळी ठरलेलं पाणी.
असल्या झाडावर कोण बसणार.

आत स्टेजवर एका सांगाड्याला स्वतःचा गुडघा सापडत नव्हता.
मुलं बेंबीच्या देठापासून ओरडत होती, मागे! मागे बघ!
धुराचं यंत्र मध्येच खोकून बंद पडलं.
रोडेल, दिवसा रिफायनरीत वेल्डर,
शिडीवरून उतरला, यंत्राला एक थापट दिली,
टाळ्या त्यालाही पडल्या.

मध्यंतरात मॉरीनबाई धावत आल्या.
भुयारातला एक हात आजारी पडलाय, तुम्ही याल?
मी अकाउंट्सवाली.
हात म्हणून मला कधी कोणी बोलावलं नव्हतं.

काळ्या पडद्यामागे स्टूल. पडद्याला भोक.
भोकातून मनगटापर्यंत मी बाहेर,
बर्फाच्या पाण्यात बुडवलेला रबरी मोजा घालून.
सूचना एकच: बोलायचं नाही.

अंधारात बसलं की आठवू नये ते आठवतं.
घरतकाका, मागच्या रमजानात.
पासपोर्ट रद्द, रेसिडेन्सी रद्द, एनओसी,
ह्यांनी चार दिवस नुसते शिक्के गोळा केले
आणि काका कार्गोतून घरी गेले.
पावतीवर वजन लिहितात. पेटीसकट.
सव्वीस वर्षं राहिला इथे माणूस,
मागे रेंगाळायला एक अवस मिळाली नाही.
भूत व्हायलाही बहुतेक
रेसिडेन्सी लागते.

मुलं आली. किंचाळली.
एकीने चिमटा काढला, चांगला पीळ देऊन.
एकाने "अम्मे" म्हणून भोकाड पसरलं,
एकाने बिस्मिल्ला पुटपुटत करंगळीने शिवून बघितलं.

मग पिठाने चरचरीत झालेली बोटं.
ती दचकली नाहीत.
माझ्या गार तळव्यावर त्यांनी एक टॉफी ठेवली,
माझीच मूठ माझ्यावर मिटवली,
आणि पडद्याला तोंड लावून,
एका भुताने दुसऱ्याची चौकशी करावी
तसं हळूच, मराठीत:
"तुझं झाड कुठंय?"

मराठीतच का विचारलं, कोण जाणे.
मला बोलायचं नव्हतं.
मागून कोणीतरी ढकललं, बोटं पुढे सरकली.

गाडीत त्याने शेंडी काढून डॅशबोर्डवर ठेवली
आणि सितऱ्याकडची ज्योत दिसायच्या आत झोपला.
"त्या हाताला काहीच येत नव्हतं," एवढं म्हणाला फक्त.
टॉफी माझ्या मुठीत मऊ झाली होती.
गेटाशी सिग्नलला थांबले तेव्हा
कडुनिंबांच्या नळ्या सुरू झाल्या होत्या,
काच थोडी खाली केली.
थेंब. थेंब.
वर, पानांत, नीट बघितलं मी.